फरीदाबादची जपानी फटफटी



रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की मी सायकल घराकडे न वळविता उद्यमबागेच्या रस्त्याला लावतो. बेळगावच्या या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने आणि लेथची दुकाने दाटीने उभी आहेत. त्यांतल्याच एका लहानशा शेडमध्ये माझा एक जुना विद्यार्थी यंत्रकाम करतो. आठवडाभर तेथे पंपांचे आणि ट्रॅक्टरांचे सुटे भाग कातले जातात. रविवारी मात्र यंत्रे बंद असतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत तरटावर एक मोटारसायकल सुटी करून मांडलेली असते. तिच्याभोवती चारपाच मंडळी चहाचे पेले हातात घेऊन वाद घालीत बसतात. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. एक सुट्या भागांचे व्यापारी आहेत, ते कोल्हापूरहून मुद्दाम येतात. एक लेथचे मेस्त्री आहेत, जे घरी कानडी आणि कामावर मराठी बोलतात. मी शाळेत विज्ञान शिकवितो. यंत्राशी माझी ओळख पुस्तकापुरती. त्यामुळे या बैठकीत माझे काम बहुधा ऐकण्याचे असते. वाद एकाच शब्दावरून चालतो आणि गेले वर्षभर तो मिटलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘अस्सल’.

गाडी आहे राजदूत ३५०. आज जे साठीच्या आसपास आहेत त्यांना हिची ओळख करून द्यायला नको. तरुणांसाठी थोडे सांगतो. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आरडी ३५० या नावाची मोटारसायकल काढली. दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, ३४७ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन, सहा गिअर आणि सुमारे ३९ अश्वशक्ती. त्या काळी तिच्या दुपटीने मोठ्या एंजिनांच्या गाड्यांना ती घाम फोडीत असे. दोनतीन वर्षांत जपानमध्ये तिची जागा चारशेच्या नव्या गाडीने घेतली. पुढे आपल्याकडच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाशी करार केला, आणि १९८३ साली तीच गाडी राजदूत हे नाव लावून फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडली. आपल्या रस्त्यांवर तोवर बुलेट होती, म्हैसूरची येझदी होती, आणि दूधवाल्यांची आवडती जुनी राजदूत होती. त्यांच्यामध्ये ही आली म्हणजे बैलांच्या शर्यतीत घोडा सोडल्यासारखे झाले.

परंतु घोड्याला चारा लागतो. हिची किंमत १८,००० रुपयांच्या आसपास होती, पेट्रोल ती अधाशासारखी पीत असे आणि सुटे भाग महाग होते. म्हणून येथे येतानाच तिचे बळ कमी करण्यात आले होते. ३९ ची अश्वशक्ती साडेतीसवर आणली. नंतर आणखी काटकसरीची एक आवृत्ती निघाली, ती २७ ची. षौकीन लोक पहिलीला ‘हाय टॉर्क’ आणि दुसरीला ‘लो टॉर्क’ म्हणतात. आणखी एक फरक होता. जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्या गाडीला ड्रम ब्रेक मिळाला. एवढे करूनही ती फारशी खपली नाही आणि ते दशक संपतासंपता बंद पडली. बंद पडल्यावर मात्र तिचे भक्त वाढत गेले. आज मोडकी ‘साडेतीनशे’ सापडली, तर तिच्या मूळच्या किमतीच्या अनेक पटींनी पैसे मोजून लोक ती नेतात.

आता या शेडमधल्या गाडीची हकीकत. ती आहे निपाणीची. माझ्या विद्यार्थ्याचे वडील तेथे तंबाखूचा व्यापार करीत. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी जो पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून धरला होता, त्याच रस्त्याच्या काठी त्यांची वखार आहे. १९८५ साली, एका चांगल्या हंगामानंतर, त्यांनी ही गाडी कोल्हापुरातून घेतली. नोंदणी कोल्हापूरची आणि मालकाचे बिऱ्हाड निपाणीचे. त्यामुळे तिच्या कागदपत्रांसाठी आज दोन राज्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागत आहेत. आमचे बँकवाले गृहस्थ म्हणतात, “या गाडीचासुद्धा सीमाप्रश्न आहे.”

१९९१ च्या पावसाळ्याच्या आरंभी तवंदी घाट उतरत असताना पुढचा ट्रक एकाएकी थांबला, ओला ब्रेक धरला नाही, आणि गाडी ट्रकवर जाऊन आदळली. वडील वाचले, पण कमरेने कायमचे अधू झाले. माझा विद्यार्थी तेव्हा पाळण्यात होता. निपाणीतल्या कोणा कारागिराने गाडी काळी रंगवून विकण्याजोगी केली, पण ती विकली गेली नाही. वखारीच्या कोपऱ्यात तंबाखूच्या बोदांआड ती उभी राहिली. २०१९ साली वडील वारले. पुढे मुलाने ती टेंपोत घालून बेळगावला आणली, तेव्हा एंजिनच्या पात्यांमध्ये तंबाखूचा भुगा भरलेला होता आणि त्याचा वास अजून गेलेला नाही.

दुरुस्तीला आरंभ झाला आणि पहिला वाद निघाला तो सिलिंडरवरून. या एंजिनच्या सिलिंडराचा मूळ व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो आतून थोडा कातून मोठा करतात आणि वरच्या मापाचा पिस्टन बसवितात. यालाच आपले मेस्त्री बोअर मारणे म्हणतात. वडिलांच्या हाती असताना तसे दोनतीनदा झालेले होते आणि व्यास ६५ वर पोहोचला होता. मला एवढ्यासाठीच बोलावतात म्हणून मी शेडच्या लोखंडी दारावर खडूने गणित केले. ६४ च्या हिशेबाने दोन सिलिंडरांचे मिळून ३४७ घनसेंटिमीटर होतात. ६५ च्या हिशेबाने ३५८. म्हणजे नोंदणीपुस्तकात एक आणि एंजिनात दुसरेच! यापुढच्या मापाचा पिस्टन मिळत नाही. मेस्त्री म्हणाले, “सर, बीडाची नवी बाही ओतून आत ठोकतो आणि पुन्हा ६४ वर आणतो. वायूची दारे तेवढी कानशीने जुळवून घ्यावी लागतील.”

यावर कोल्हापूरचे व्यापारी प्रसन्न झाले. कारण गाडी मूळ मापावर येणार. बँकवाले गृहस्थ नाराज झाले. कारण कारखान्यातून आलेले मूळ धातू जाणार. पाहा, पेच कसा आहे! जुने धातू राखावे तर माप खोटे, आणि माप राखावे तर धातू नवे. दोन्ही गोष्टी एकदम मिळण्याची सोय नाही. मला स्वतःला मेस्त्रींचे म्हणणे पटले, कारण एंजिन हे चालण्यासाठी असते. शिवाय ती बाही बेळगावातच ओतली जाणार होती, आणि आमच्या गावाला ओतकामाचा जो अभिमान आहे तो मीही थोडासा बाळगतो.

दुसरा वाद अधिक खोल गेला. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांचे म्हणणे असे, की इतका खर्च करायचाच आहे तर गाडी खरीखुरी ‘आरडी’ करून टाकावी. परदेशातून जपानी पुढचा सांगाडा, डिस्क ब्रेक, जपानी कार्बोरेटर आणि धुराडी आणावीत. टाकीवर राजदूतऐवजी यामाहा लिहावे. पुष्कळ लोक असे करतात आणि त्याला ‘अस्सल करणे’ म्हणतात. बँकवाले गृहस्थ यावर उसळून म्हणाले, “ही गाडी यामाहा कधी होती? फरीदाबादला जन्मली तिला जपानचा दाखला कशाला?”

येथे मला आमच्या भाषेची आठवण झाली. बेळगाव-निपाणीच्या मराठीत कानडीचे शब्द आणि हेल मिसळलेले आहेत. पुण्याचे पाहुणे ते ऐकून हसतात आणि आमचे काही लोक मग पुणेरी बोलू लागतात. पण ते बोलणे त्यांचेही होत नाही आणि आमचेही राहत नाही. असो. मुद्दा इतकाच, की जी वस्तू मुळातच बदलून, कमी करून, आपल्या परिस्थितीला जुळवून घडविली गेली, तिचे मूळ रूप म्हणजे ते जुळवून घेतलेलेच रूप. साडेतीस अश्वशक्ती हा त्या गाडीचा दोष म्हणा, पण तो तिच्या जन्माचा दोष आहे.

हा वाद आमच्याच शेडमधला आहे असे मात्र नाही. जगभर जुन्या जपानी मोटारींच्या षौकिनांत तो चालू आहे. टोयोटाची २००० जीटी ही मोटार १९६७ ते १९७० या काळात अवघ्या साडेतीनशेच्या आसपास बनली. तिचे एंजिन घडविण्यात आणि गाडी जुळविण्यात याच यामाहा कंपनीचा हात होता. यामाहाचा मूळ धंदा पियानो-ऑर्गनचा, त्यामुळे त्या मोटारीतला लाकडी दर्शनी फळाही त्याच कसबातून आला. २०१३ साली अशी एक मोटार लिलावात अकरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. एवढी किंमत आली की प्रत्येक स्क्रू कारखान्यातला आहे की नंतरचा, याला वकिली स्वरूप येते. २०२० पासून टोयोटाने त्या मोटारीचे काही भाग पुन्हा बनवून देण्यास आरंभ केला. आता सांगा, त्याच कंपनीने पन्नास वर्षांनी केलेला भाग अस्सल की नक्कल?

निस्सानची १९६९ ची मोटार पाहा. जपानमध्ये ती फेअरलेडी झेड आणि अमेरिकेत डॅटसन २४० झेड या नावाने विकली गेली, आणि लाखाहून अधिक बनली. तिचा पत्रा फार गंजतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निस्साननेच अमेरिकेत काही जुन्या गाड्या विकत घेतल्या, नटबोल्टांपर्यंत सोडविल्या, नव्यासारख्या केल्या आणि पुन्हा विकल्या. षौकिनांची आणखी एक गंमत आहे. जपानमध्ये १९८३ पर्यंत मोटारींचे आरसे पुढच्या मडगार्डांवर असत, दारावर नसत. तेथला नियमच तसा होता. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना मात्र आरसा दारावर मिळाला. आज अमेरिकेतले कित्येक लोक दारावरचा आरसा काढून मडगार्डांवर जपानी आरसे बसवितात. गाडी अमेरिकेसाठीच बनली, सारे आयुष्य अमेरिकेत गेले, आणि म्हातारपणी तिला जपानी करण्याची ही हौस! ही गोष्ट सांगितली तेव्हा कोल्हापूरचे व्यापारी थोडा वेळ गप्प राहिले.

जुन्या इमारतींची डागडुजी कशी करावी याविषयी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद तयार झाली होती. तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरिन सनद मान्य केली. तिचा सारांश साधा आहे: जितके राखता येईल तितके राखा, बदल करणे भाग पडले तर तो नोंदवून ठेवा, आणि शक्य तेथे असा बदल करा की उद्या कोणाला तो काढून टाकता येईल. आमच्या जुन्या चॅपेलमधल्या लाकडी पुतळ्याला दर सणाला कोणीतरी भक्तीने ऑइलपेंट फाशीत आले आहे. आता त्या संताच्या हाताची बोटे एकमेकांना चिकटली आहेत. ती सनद कोणी तेथे वाचून दाखविली असती तर बरे झाले असते.

आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांना वेगळे स्थान दिले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, आणि चेसिस, वरचा सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा मोटार असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळू शकतो. मात्र ती रोज रस्त्यावर फिरविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढावयाची. आमच्या गाडीला ते भाग्य २०३५ साली लाभेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने केवळ एक म्हातारी फटफटी आहे.

एवढे सारे शास्त्र झाले, आणि मग एके रविवारी विद्यार्थ्याच्या आई शेडमध्ये आल्या.

टाकीच्या उजव्या अंगाला अपघाताचा मोठा पोचा आहे. काळा रंग पॉलिश पेपरने हलके घासला तेव्हा खाली मूळचा लाल निघाला, आणि पोच्याच्या तळाशी ट्रकच्या पिवळ्या रंगाचा एक ओरखडाही दिसला. आमच्या सर्व मंडळींचे, आणि खरे सांगावयाचे तर माझेही, एकमत झाले होते की हा पोचा ठेवावा. हा गाडीचा इतिहास आहे, तो पुसू नये, असे मी स्वतः दोनदा बोललो होतो. काकूंनी टाकीवरून हात फिरविला नाही. त्या लांबच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुम्हा लोकांना इतिहास पाहिजे असेल. हे त्या दिवसानंतर अठ्ठावीस वर्षं काठी घेऊन चालले. ते मी बघितलंय. आता रोज उठून तो पोचा पण बघू होय?”

कोणी काही बोलले नाही. मेस्त्रींनी तेवढा त्यांना स्टूल पुढे केला.

मला त्या दिवशी माझीच थोडी लाज वाटली. अस्सलपणाची चर्चा करताना आम्ही धरून चाललो होतो की गाडीचा इतिहास म्हणजे गाडीच्या पत्र्यावर जे उमटले ते. ज्यांच्या घरात तो इतिहास घडला त्यांना विचारण्याचे आमच्या मनात आले नव्हते. सनदेत तसे कलम असते तर कदाचित आले असते. शेवटी तोड निघाली ती अशी: कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी त्याच काळातली दुसरी एक टाकी मिळवून दिली, ती लाल रंगवून गाडीवर बसविली आहे. पोचा असलेली टाकी ठोकून सरळ केली नाही की रंगविली नाही. ती तरटात बांधून शेडच्या माळ्यावर ठेविली आहे, आणि तिला तारखेसह चिठ्ठी बांधली आहे. बदल उद्या उलटविता येईल. तुरिनवाल्यांना हे मान्य व्हावे, आणि काकूंनाही चालले.

राहता राहिला ब्रेक. येथे मात्र मी ऐकण्याचे काम सोडून बोलू लागलो आहे. मुलाचा हट्ट आहे की फरीदाबादच्या गाडीला फरीदाबादचाच ड्रम ब्रेक राहिला पाहिजे. बँकवाले गृहस्थ त्याच्या बाजूला आहेत, आणि तर्काने पाहिले तर मघाशी मीच मांडलेला मुद्दा ते माझ्यावर उलटवीत आहेत. पण नववीच्या वर्गात मी शिकवितो, की वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी साठवर जाणारी गाडी थांबविण्यास ब्रेकला जेवढी उष्णता पोटात घ्यावी लागते, तिच्या चौपट ताशी एकशेवीसवर घ्यावी लागते. आणि ही गाडी तो वेग सहज गाठते. ड्रमच्या आत उष्णता कोंडते आणि पाणी शिरले तर शू घसरतात. डिस्क उघड्या हवेत असते, फिरताना पाणी झटकून टाकते. प्रदर्शनात उभी करावयाची असेल तर ड्रम जरूर ठेवावा. रस्त्यावर न्यावयाची असेल, तर जपानी डिस्क बसवावी आणि ड्रमचे चाक टाकीशेजारी माळ्यावर ठेवावे.

विद्यार्थी म्हणाला, “सर, मग ती बाबांची गाडी राहणार नाही.”

मी म्हणालो, “तुझ्या बाबांची कंबर त्याच ब्रेकने मोडली.”

हे मी बोलावयास नको होते, असे पुढे वाटले. पण त्यावर मेस्त्रींनी न बोलता जुना ड्रम पुढे आणून उघडून दाखविला. चाकाच्या बेअरिंगचे सील फाटले होते आणि ग्रीस उतरून दोन्ही शूंवर चढले होते. लायनर निम्मेही उरले नव्हते. “एवढं चोपडलेलं असताना कुठलाही ड्रम धरणार नाही,” ते म्हणाले. म्हणजे त्या दिवशीचा दोष ड्रमचा, पावसाचा, की वेळेवर न उघडलेल्या चाकाचा, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मुलाने ड्रम कातून गोल करून घेतला, नवे लायनर लावले, नवे सील घातले. माझ्या आग्रहाखातर त्याने डिस्कचे चाक आणि पुढचा सांगाडाही मागविला आहे. काकूंनी आपली एकच अट घातली आहे, की ब्रेक कोणताही लावा, गाडी तवंदी घाटात न्यावयाची नाही.

गेल्या रविवारी एंजिन प्रथम सुरू झाले. चौथ्या किकला निळा धूर निघाला, पत्र्याची शेड दणाणली आणि शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी धावत आला. एंजिन थंड झाल्यावर मेस्त्रींनी बाहीचा आवाज पुन्हा एकदा कान लावून ऐकावा म्हणून ते आणखी दोनदा सुरू करविले. गाडीचा पुढचा भाग अजून लाकडी ठोकळ्यावर आहे. ड्रमचे चाक आणि डिस्कचे चाक, दोन्ही भिंतीला टेकवून ठेविली आहेत. त्यांतले कोणते चढवावयाचे यावर येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या खेपेस काकूंना निरोप धाडला आहे.